बारावा फर्मा
(एम. ए. भाग २, मराठी)

आमच्या घरात 'करार' हा शब्द कोणी वापरत नाही. आमच्याकडचा शब्द 'उचल'. पावसाळा उताराला लागला की मुकादम दारात येतो, ओट्यावर बसून चहा घेतो, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता या हिशेबाने पैसे मोजून देतो. दिवाळी झाली की टोळी ट्रकमध्ये बसते, सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उतरते, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टनामागे मिळणाऱ्या दराने ती उचल फेडत राहते. फिटली तर माणूस मोकळा. नाही फिटली तर 'बाकी' पुढच्या साली. बीड जिल्ह्याच्या आमच्या भागातल्या कितीतरी मुलांना बेरीज-वजाबाकी शाळेच्या आधी या बाकीने शिकवली आहे. मी चौथीत असल्यापासून आमची बाकी शून्यावर आलेली मला आठवत नाही.

तेव्हा २०२४ च्या जूनमध्ये एका प्रकाशकांनी माझ्यापुढे एका पानाचे करारपत्र ठेवले आणि वर दोन हजार रुपये आगाऊ दिले, त्या वेळी माझ्या मनात पहिला शब्द कोणता आला असेल हे सांगायला नको. वसतिगृहावर येऊन मी अण्णांना फोन केला. म्हटले, "अण्णा, मी बी उचल घेतली." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "कितीची?" दोन हजार ऐकल्यावर ते मोठ्याने हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा ऐकले आहे.

काम होते मुद्रितशोधनाचे. आमच्या गावच्या शाळेवर एके काळी असलेल्या एका गुरुजींनी जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह केला होता. गुरुजींनी अण्णांना चौथीत शिकवले. शाळा सुटल्यावर वह्या घेऊन ते आयाबायांच्या दारात बसत. त्या वेळी गावातल्या माणसांना हा मास्तरांचा छंद जरा विचित्रच वाटे. चक्कीवर दळण जाऊ लागले होते, जाती कोपऱ्यात सरकली होती, आणि हे गृहस्थ विचारायचे, "काकू, दळताना काय म्हणत होता?" हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी पुण्याहून हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले, त्यांच्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. गुरुजींच्या सात वह्या त्यापुढे काहीच नाहीत. पण त्या सात वह्यांतली एक अख्खी आमच्या गावची आहे, आणि तिच्यातली काही पाने माझ्या आजीची. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी निवृत्तिवेतनातून साठवलेला पैसा घालून गुरुजी ते पुस्तक काढत होते. डेमी आकार, २६ फर्मे, म्हणजे ४१६ पाने. पानाला पंधरा रुपये, त्यात दोन वाचने. एका फर्म्याची सोळा पाने; फर्म्याला दोनशे चाळीस.

मला हे काम मिळाले ते माझ्या शुद्धलेखनामुळे नव्हे. (माझे ऱ्हस्व-दीर्घ कसे आहे ते आमच्या विभागातल्या सरांना विचारावे.) गुरुजींनीच प्रकाशकांना सांगितले होते की हे काम शहरातल्या माणसाचे नाही. कारण उघड आहे. मुद्रितशोधकाचा हात चुकीच्या शब्दाकडे आपोआप जातो, आणि ओव्यांतला दर तिसरा शब्द शहरातल्या डोळ्याला चूकच दिसतो. 'कव्हा' दिसले की 'केव्हा', 'माह्या' दिसले की 'माझ्या', 'यरवाळी' दिसले की समासात प्रश्नचिन्ह. साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांत केशवसुतांच्या आधीचे पद्य मुळाप्रमाणे छापावे, असा एक नियम आहे. तो आपल्या ओव्यांना लागू आहे असे मी आणि गुरुजींनी परस्पर ठरवून टाकले. केशवसुतांची हरकत नसावी.

त्या दोन महिन्यांइतका आनंद मला कोणत्याच कामाने दिलेला नाही. रात्री खोलीतले बाकीचे झोपले की मी गॅलरीत दिव्याखाली बसायचो. डाव्या हाताला गुरुजींच्या वहीची झेरॉक्स, उजव्या हाताला संगणकावरून आलेली मुद्रिते, हातात लाल पेन. अक्षरजुळणी करणारा मुलगा हुशार होता, पण त्याच्या बोटांनाही प्रमाणभाषेची सवय. तो एक शब्द 'सुधारी', मी तो परत 'बिघडवी'. सगळ्यांत जास्त वेळा बिघडवावा लागलेला शब्द म्हणजे 'बया'. आमच्याकडे जुन्या बायका आईला बया म्हणत. ओव्यांत माहेर आले की बया आलीच. तिच्या उंबऱ्याची, तिच्या हातच्या घासाची, तिने शिवलेल्या चोळीची आठवण. अक्षरजुळणीत तिची हटकून 'बाई' होई. मी 'ई' खोडून 'या' लिही, आणि 'ब'चा काना काढून टाकी. अकरा फर्म्यांत मी तो काना किती वेळा काढला असेल त्याची गणती नाही.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्याच्या एका भाषांतर संस्थेकडून मला विचारणा आली. आमच्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या एकाने माझे नाव सुचवले होते. इंग्रजीतून मराठीत भाषांतर, घरी बसून, शब्दाला नव्वद पैसे, दिवसाला दोन हजार शब्द, सोमवारपासून सुरुवात. याला आता सगळे 'फ्रीलान्स' म्हणतात. आमच्या गावी याला रोजंदारी म्हणतील, आणि ते जास्त बरोबर आहे. मी कागदावर आकडे मांडले. दिवसाला अठराशे. म्हणजे एका दिवसात साडेसात फर्म्यांचे पैसे. पुस्तकाचे सव्वीसच्या सव्वीस फर्मे वाचून मला जे मिळणार होते ते इथे चार दिवसांत मिळत होते.

त्याच कागदाच्या खाली मी दुसरा एक आकडा लिहिला: साठ हजार. अण्णांची आणि मायची बाकी.

इथे खरे सांगितले पाहिजे. मोह झाला, असे लिहिले तर वाचायला बरे वाटते. पण मोह वगैरे काही झाला नाही. मोहात माणूस निदान घुटमळतो. मी त्या दोन आकड्यांकडे पाहिले आणि माझे ठरले. दसऱ्यापूर्वी निम्मी बाकी आणि दिवाळीपर्यंत उरलेली फिटली, तर ती दोघे त्या हंगामात जाणार नव्हती. गुडघ्याएवढ्या चिखलात डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढणारी माय मी लहानपणी कोपीच्या दारातून पाहिलेली आहे. त्यापुढे पुस्तकाचे पंधरा फर्मे उभे राहू शकत नव्हते.

पण करारपत्र होते. आमच्या वसतिगृहात विधी महाविद्यालयाचा एक मित्र राहतो, त्याच्याकडे मी तो कागद नेला. कायदा शिकणाऱ्या मुलांना कोणी खराखुरा कागद दाखवला की फार आनंद होतो. त्याने १८७२ च्या करार कायद्यातले कलम ७३ काढले: करार मोडल्याने स्वाभाविकपणे जे नुकसान होईल त्याची भरपाई. कलम २७ काढले: माणसाला धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्द. मग जोहाना वाग्नर या गायिकेची गोष्ट सांगितली. ही त्या प्रख्यात संगीतकाराची पुतणी. १८५१ मध्ये तिने लंडनच्या एका नाट्यगृहात तीन महिने गाण्याचा करार केला होता, आणि त्या काळात दुसरीकडे गाणार नाही असेही लिहून दिले होते. कॉव्हेंट गार्डनवाल्यांनी जास्त पैसे देऊ केले, आणि बाई तिकडे निघाल्या. पहिला मालक न्यायालयात गेला. न्यायाधीश म्हणाले, तिला तुझ्याकडे गायला लावणे आमच्या हातात नाही. पण दुसरीकडे गाऊ नको, एवढे आम्ही तिला सांगू शकतो. हा निकाल म्हणे अजून शिकवतात.

"म्हणजे मला गायला लावता येणार नाही," मी म्हणालो.

"तुला कशालाच लावता येणार नाही," तो म्हणाला. "हे सहावे कलम वाच की लेका. कोणत्याही पक्षाने पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी, करार संपला. दुसरीकडे काम करू नये असे तर कुठे लिहिलेलेच नाही. एवढ्यासाठी मला वाग्नर सांगायला लावलीस!"

मी अण्णांना फोन केला. साठ हजारांचे बोललो नाही, एवढेच सांगितले की दुसरे काम आले आहे, पैसे पुष्कळ आहेत, पण पहिले अर्धे राहते. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"उचल फिटली का?"

मी हिशेब सांगितला. अकरा फर्म्यांचे दोन हजार सहाशे चाळीस झाले. उचल दोन हजारांची. म्हणजे उलट सहाशे चाळीस त्यांच्याकडेच येणे.

"तुझंच येणं हाय?" त्यांना ते खरे वाटेना. दोनदा विचारले. मग म्हणाले, "मंग काय इचार करायलास? उचल फिटलेल्या माणसाला कोण आडवतंय?"

त्यांच्या अनुभवातले याहून मोठे स्वातंत्र्य नाही, आणि मला ते माहीत होते. म्हणून तर मी त्यांनाच विचारले. हवे ते उत्तर कोणाकडून मिळेल हे माणसाला बरोबर कळते.

प्रकाशक थोडे चिडले. दिवाळीच्या सुमाराला पुस्तक काढायचे होते. "तुम्ही मुले अशीच," एवढे बोलून त्यांनी माझे पत्र घेतले आणि सहाशे चाळीस रुपये लगेच मोजून दिले. व्यवहाराला माणूस चोख. गुरुजींकडे जायला मात्र मला दोन दिवस लागले. ते तालुक्याच्या गावी एका लहानशा घरात राहतात. मी सगळे सांगितले. त्यांना साठ हजारांचेही सांगितले. त्यांनी विचारले, "नवे लोक देतात किती?" मी दर सांगितला. ते म्हणाले, "मग जा. तुझ्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो." मी उठलो तेव्हा दारापर्यंत आले. "फक्त एक कर. न बदलायच्या शब्दांची एक यादी करून दे. पानभर पुरे. नवीन माणूस येईल त्याच्या हातात तेवढी असू दे."

मी हो म्हणालो. पंधरा दिवस होतेच की.

सोमवारी नवे काम सुरू झाले. दिवसाला दोन हजार शब्द हे ऐकायला सोपे वाटते. सकाळी तास, दुपारी ग्रंथालय, मग रात्री एकपर्यंत ते शब्द. काय भाषांतर करत होतो तेही सांगून टाकतो. मोबाइलवरून कर्ज देणाऱ्या एका कंपनीच्या अटी आणि शर्ती. हप्ता चुकल्यास काय, दंड किती, वसुली कशी. 'मी वरील सर्व अटी वाचल्या असून त्या मला मान्य आहेत', हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिले की झोपेत म्हणायचो, असे खोलीतले मित्र सांगतात. त्या अटी मराठीत नीट, सोप्या व्हाव्यात म्हणून मी खूप खपलो. मुकादम निदान ओट्यावर बसून तोंडाने सांगतो.

यादीचे रोज डोक्यात असे. झोपताना असे, सकाळी दात घासताना असे. एका संध्याकाळचे काम. शब्द मला पाठ होते, कोणता पहिला लिहायचा हेही ठरले होते. पण ती संध्याकाळ म्हणजे हजार शब्द, म्हणजे नऊशे रुपये, हा हिशेब माझ्या डोक्यात एकदा शिरला तो निघेना. पूर्वी मी वेळ असा कधी मोजला नव्हता. पंधरा दिवस संपले, महिना गेला. गुरुजींचा एकदा फोन आला. मी म्हणालो, या रविवारी पाठवतो. पुन्हा त्यांचा फोन आला नाही. ते पाठपुरावा करणाऱ्यांतले नाहीत.

दिवाळीच्या चार दिवस आधी बाकी फिटली. अण्णांनी मुकादमाच्या वहीत आपल्या नावापुढे रेघ मारलेली पाहिली, आणि मग घरी येऊन मला तो प्रसंग दोनदा सांगितला. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले होते, त्यामुळे या खेपेला चार पैसे जास्त सुटतील असे टोळीतले लोक सांगून पाहत होते. पण ते गेले नाहीत. ट्रक गावातून निघाला तेव्हा अण्णा पारावर उभे होते. त्यांना हात कुठे ठेवावा कळत नव्हते. संक्रांतीला माय नवे लुगडे नेसून वाण घेऊन देवळात गेली. तिची आजवरची संक्रांत फडातच जायची. आजी म्हणाली, गावात यंदा सून हाय माही.

यादी मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवली. सुट्टी होती, शब्दांचा ओघ थोडा कमी होता. प्रकाशकांनी कळवले की शेवटचे फर्मे छापून झाले आहेत, बांधणी चालू आहे.

जानेवारीत प्रकाशन झाले. मला निमंत्रण होते, मी गेलो. गुरुजींनी व्यासपीठावरून माझे नाव घेऊन आभार मानले. पुस्तक हातात आल्यावर मी आधी मागून उघडले नाही. सरळ एकशे सत्त्याहत्तरावे पान काढले. बाराव्या फर्म्याचे पहिले पान. वर उजवीकडे 'बाई'. खाली 'बाई'. उलटले, पुन्हा 'बाई'. 'कव्हा'चे 'केव्हा' झाले होते, 'यरवाळी'चे 'सकाळी' झाले होते आणि ओवी तिथे लंगडत होती. अकराव्या फर्म्यापर्यंत एक गाव बोलत होते. बाराव्यापासून कोणीतरी सुशिक्षित माणूस त्या गावाबद्दल सांगत होता. नव्या मुद्रितशोधकाला मी दोष देणार नाही. त्याने काम नियमाने केले होते. दोनशे पाने वाचून मला ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक सापडली नाही, जी माझ्या अकरा फर्म्यांत बारा सापडतील. 'बया' हा शब्द त्याला चूक वाटला, आणि त्याने संगणकाला एकदाच आज्ञा देऊन सगळीकडे बदलून घेतला. हे कशावरून, तर टिपांमध्ये आमच्या गावच्या बयाजी नावाच्या एका म्हाताऱ्याचा उल्लेख आहे, तो आता 'बाईजी' झाला आहे. बयाजी हयात असते तर त्यांनी प्रकाशनात काठी घेऊन प्रवेश केला असता.

आजीला वाचता येत नाही. मी तिचे पान वाचून दाखवले. चौदाव्या फर्म्यात आहे. तिने डोळे मिटले होते, ओठ माझ्या पुढेपुढे हलत होते. एका ठिकाणी ते थांबले. तिने डोळे उघडले.

"ही बाई कोण?" तिने विचारले.

मी म्हणालो, "बया गं. छापताना चुकलं."

"मग तसं वाच की," ती म्हणाली, आणि पुन्हा डोळे मिटले. पुढचे सगळे मी पुस्तकात न बघता तिच्या तोंडाकडे बघून वाचले.

भाषांतराचे काम डिसेंबरपासूनच पातळ होत चालले होते. यंत्र आधी भाषांतर करील, तुम्ही फक्त तपासा, शब्दाला तीस पैसे, असे ठरले. फेब्रुवारीत एक मेल आला: सध्या मराठीची गरज नाही, आपल्या सहकार्याबद्दल आभार. पंधरा दिवसांची सूचना वगैरे काही नव्हती; मी तसे कलम मागितलेच नव्हते. त्यांनी अधिक चांगला दर पाहिला, मीही पाहिला होता. मला राग आला नाही, असे म्हणणार नाही. आला. पण तो कोणावर काढावा हे कळेना.

त्याच आठवड्यात मी गुरुजींकडे गेलो. शुद्धिपत्र काढू, खर्च मी देतो, असे म्हणायचे ठरवून गेलो होतो. ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते. शेजारी पुस्तकांचा गठ्ठा, मांडीवर एक प्रत, हातात काळ्या शाईचे बॉलपेन. एका हाताने पान दाबून ते 'बाई'वर बारीक रेघ मारत आणि वर 'बया' लिहीत. अक्षर अजून शाळेच्या फळ्यावरचे आहे, गोल आणि सरळ. मी शुद्धिपत्राचे बोललो. ते म्हणाले, "शुद्धिपत्र कोण वाचतो?" मान वर केली नाही.

पाचशे प्रती काढल्या होत्या. एकशे वीस ग्रंथालयांना आणि आप्तेष्टांना गेल्या. त्या आता गेल्या. घरात तीनशे ऐंशी. बाराव्या फर्म्यापासून शेवटपर्यंत 'बया' एकशे चाळीस वेळा आली आहे. एका प्रतीला चाळीस मिनिटे लागतात. 'यरवाळी' आणि 'कव्हा' यांना हात लावायचा नाही, असे आम्ही ठरवले. तेवढे आयुष्य नाही, असे गुरुजी म्हणाले, आणि ते कोणाच्या आयुष्याबद्दल बोलत होते हे मी विचारले नाही. दर रविवारी मी सकाळच्या एस. टी.ने जातो. ते खुर्चीत बसतात, मी पायरीवर. बोलणे फारसे होत नाही. दुपारी त्यांच्या सूनबाई भाकरी वाढतात. माझे अक्षर त्यांच्यासारखे येत नाही, म्हणून मी शाई तरी तीच वापरतो.

अण्णांनी परवा विचारले, "त्याचे किती देतेत?"

"काही नाही."

त्यांनी थोडा वेळ विचार केला. "अजून किती ऱ्हायले?"

नऊ रविवारांत एकशे बासष्ट प्रती झाल्या आहेत. मी त्यांना दोनशे अठरा सांगितले.